उन्हावर चालणारं धुराडं

इचलकरंजीला माझी आत्ती, म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण, एका मागाच्या खात्यात, यंत्रमागांच्या कारखान्यात, कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. दिवसभर चक्रापुढं बसून ती शेकड्यांनी कांड्या भरायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला लागून दोन वर्षं झाली होती आणि पुढच्या पदवीच्या प्रबंधासाठी विषय शोधत होते. एप्रिलमध्ये दोन दिवस आत्तीकडं राहायला गेले, तेव्हा एका दुपारी ती डबा घरीच विसरून गेली. तो द्यायला म्हणून मी पहिल्यांदा खात्याच्या आत शिरले.

आठ माग चालू होते. आवाज तर होताच, पण मला दारातच अडवलं ते आतल्या हवेनं. डोक्यावर पत्रा, चारी बाजूंच्या खिडक्या बंद, काहींच्या फटींना कागद चिकटवलेला. हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. ते कुठंच जात नव्हते, नुसते होते. आत्तीच्या भुवयांवर, केसांवर पांढरी लव बसली होती. तिनं मला हातानंच बाहेर पायरीवर बसायची खूण केली.

ती जेवायला बाहेर आल्यावर मी विचारलं, "खिडक्या का उघडत नाही तुम्ही?"

"वारं आत आलं की सूत तुटतंय. सारखा माग बंद करून गाठी मारत बसायचं व्हय?"

"मग पंखा?"

"पंख्यानं तर समदा कापूस नाचाय लागतोय. जाऊन कापडातच बसतोय. मालक वराडतोय मग." तिनं भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडं बघितलं. "आमास्नी वारं नको, हवा पायजे. एवढी शिकलीस, हाय का तुझ्या कॉलेजात असलं कायतरी?"

मी हसले. पण परतीच्या बसमध्ये तिचं वाक्य डोक्यातनं जाईना. वारं नको, हवा पाहिजे. वर्गात मी पंखे शिकवत होते, ब्लोअर शिकवत होते. हवा हलवायची, पण हलल्याचं कुणाला कळू द्यायचं नाही, असं मला कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्या विभागात उष्णतेची प्रयोगशाळा सांभाळणारे एक ज्येष्ठ प्राध्यापक होते. तेच पुढं माझे मार्गदर्शक झाले. त्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "सौर चिमणी बघितलीस का?" आणि कपाटातनं धूळ झटकून एक जुनं नियतकालिक काढून दिलं. कल्पना सोपी होती. भिंतीला लागून एक उंच उभी पेटी करायची. दक्षिणेच्या बाजूला काच, आत काळा पत्रा. उन्हानं पत्रा तापतो, पत्र्याजवळची हवा तापून हलकी होते, वर जाते आणि पेटीच्या तोंडातनं बाहेर पडते. तिच्या जागी खोलीतली हवा खालनं पेटीत येते. मोटर नाही, वीज नाही, आणि सगळं सावकाश.

गडमुडशिंगीला घरी आल्यावर मी जेवताना हे सांगितलं. अण्णा उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ चालवत होते. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण यंत्राचं काही निघालं की त्यांचा हात ताटावर थांबायचा.

"मोटर न्हाय म्हणतीस?"

"नाही."

"मग हवेला ढकलतंय कोण?"

"कुणीच नाही. ती आपणच वर जाते."

त्यांचा हात पुन्हा ताटात गेला. मग म्हणाले, "बघूया की."

पुढच्या सुट्टीला आम्ही गच्चीवर पहिली पेटी उभी केली. गोडेतेलाचे डबे कापून केलेला पत्रा, जुन्या खिडकीची काच, आत काळा रंग. उंची साधारण माझ्याएवढी. कॉलेजातलं वारा मोजायचं यंत्र आणलं, तर त्याचं चक्र फिरेचना. इतकी संथ हवा त्याला जाणवतच नव्हती. तेव्हा आई म्हणाली, "अगरबत्ती लावून बघा की." घरात तथागतांच्या फोटोपुढं लावायचा पुडा होताच. दोन काड्या पेटवून खालच्या तोंडाशी धरल्या आणि अण्णांनी काचेला नाक लावलं.

धूर आत गेला. वर निघाला. मला तेवढ्यानंच आनंद झाला. अण्णा मात्र तसेच वाकून बघत राहिले.

"हिकडं ये. बघ. पत्र्याजवळचा धूर पळतोय. काचेजवळचा नुसता उभा हाय. कवा कवा खालीच येतोय."

मी बघितलं. खरंच होतं. पत्र्याला लागून बोटभर जाडीचा पट्टा सरसर वर जात होता, आणि बाकीची हवा पेटीत उगाच उभी होती. मी पुस्तकातनं जे आकडे काढून आणले होते, त्यांच्यापेक्षा त्या काचेतनं जास्त कळत होतं. पत्रा तापत होता, पण ती उष्णता मधल्या हवेपर्यंत पोचतच नव्हती.

सोमवारी संध्याकाळी अण्णा वर्कशॉपमधनं एक पोतं घेऊन आले. आत लेथवरचा चुरा होता. लोखंड कातताना निघतात त्या वेटोळ्या साली, स्प्रिंगसारख्या. "हे उन्हात ठेवलं तर हात लावू देत न्हाय," ते म्हणाले. "आणि ह्याच्यातनं हवा बी जाईल. पत्र्याच्या बाजूनं जायापेक्षा पत्र्यातनंच गेली तर?"

नियतकालिकांत अशा सच्छिद्र धातूंबद्दल लिहिलेलं मी नंतर वाचलं. एवढ्याशा जागेत धातूचा केवढा तरी पृष्ठभाग मावतो आणि हवेला सगळीकडनं उष्णता मिळते, हे तिथं समीकरणांत मांडलेलं होतं. पण आमच्याकडं ते पोत्यातनं आलं. सोड्याच्या पाण्यात उकळून आम्ही चुऱ्याचं तेल काढलं, त्याला काळा रंग दिला आणि पेटीत गच्च भरला. अगरबत्ती लावली.

धूर आत गेला नाही. खालच्या तोंडाशीच घुटमळला आणि माझ्या डोळ्यांत आला.

मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. आई पलीकडं सांडगे वाळत घालत होती. ती न वळताच म्हणाली, "शेगडीत कोळसा ठेचून भरलासा तर पेटंल का? सांदी ठेवाय नगो?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आम्ही अर्धा चुरा बाहेर काढला. धूर थोडा हलला. पुन्हा अर्धा काढला, आणि आता जो धूर निघाला तो पेटीच्या सगळ्या रुंदीनं, एकसारखा, वर गेला. मी घड्याळ लावून वेळ मोजली. साध्या पत्र्यापेक्षा किती तरी कमी वेळात धूर वर पोचत होता. मग हावरेपणानं आणखी चुरा काढला, तर पुन्हा मंदावला. दाट झालं की हवेला वाट नाही, विरळ झालं की उष्णता नाही. मधे कुठं तरी एक जागा होती. ती जागा शोधण्यात माझी एक वही भरली. खरं तर सगळा प्रबंध त्या एका जागेबद्दलच होता.

चुऱ्याची एक खोड होती. दोन-चार दिवसांत तो बसायचा, खाली दाट आणि वर मोकळा व्हायचा. म्हणून आम्ही जाळीकडं वळलो. बाजारातनं पिठाच्या चाळणीची, रव्याच्या चाळणीची, वाळू चाळायची अशा जाळ्या आणल्या. पट्ट्या कापून, बोटभर अंतर ठेवून, एकामागं एक थर लावले. तरी धूर थरांना वळसा घालून कडेनंच निघून जायचा.

"तिला दुसरी वाटच ठेवू नगो," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी जाळ्यांची चौकट पेटीत तिरकी बसवली. खाली मागच्या भिंतीला टेकलेली, वर काचेला टेकलेली. हवा खालनं काचेच्या बाजूला शिरणार, जाळीतनं आरपार जाणार आणि जाळीमागनं वर निघणार.

त्या दुपारी मी सहज काचेला हात लावला आणि चमकले. साध्या पत्र्याच्या वेळी काचेवर हात टेकववत नव्हता. आता टेकत होता. ऊन तेच, पेटी तीच. मग ऊब गेली कुठं? मला वाटलं, काही तरी बिघडलं. पेटीच्या वरच्या तोंडाशी तापमापक धरला तर बाहेर पडणारी हवा आधीपेक्षा गरम होती. काचेजवळ आता खोलीतली थंड हवा होती, तापलेली हवा जाळीच्या मागं होती, त्यामुळं काचेतनं वाया जाणारी उष्णता वाचत होती. हे मला कळलं तेव्हा मी गच्चीवर एकटीच होते. जिन्यानं खाली धावत गेले आणि सांगायला तोंड उघडलं, तर अण्णा दाढी करत होते. तोंडाला फेस असतानाच ते वर आले आणि त्यांनीही काचेला हात लावला.

पुढच्या फेब्रुवारीत आम्ही इचलकरंजीला गेलो. खात्याचे मालक स्वतः दोन माग चालवायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, सूत तुटंल का?"

"नाही तुटणार."

"तुटलं तर त्याच दिवशी काढायचं बघा."

अण्णांनी रजा टाकून लोखंडी अँगलची चौकट जोडली. दक्षिणेच्या भिंतीला पत्र्याची उंच पेटी उभी राहिली, छपराच्याही वर गेलेली. आत येणाऱ्या हवेसाठी उत्तरेच्या भिंतीत खाली झरोके पाडले आणि त्यांच्यावर ओलं गोणपाट सोडलं. ओलसर हवेत सूत कमी तुटतं, हे मालकांनीच सांगितलं होतं. पहिल्या दिवशी अकराच्या सुमाराला आत्तीनं चक्राशेजारी अगरबत्ती लावली. धुराची रेघ सरळ वर गेली, डोक्याएवढ्या उंचीवर वाकली आणि हळूहळू दक्षिणेच्या भिंतीकडं निघाली. मागावरचा एक धागाही हलत नव्हता. आत्ती धुराकडं बघत तोंडावर पदर धरून हसत होती. मागाच्या आवाजात तिचं हसू ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. मालकांना मात्र हवेपेक्षा गोणपाटच जास्त आवडलं. दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "गाठी कमी झाल्या बगा," आणि त्यांनी आणखी चार झरोके पाडायला सांगितले.

तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या फोनवर आत्तीचा निरोप आला. "तुझं धुराडं झोपलंय."

आम्ही गेलो. अण्णांनी पेटीची बाजूची फळी उघडली. जाळी दिसतच नव्हती. तिच्या जागी कापसाची एक गुबगुबीत गादी होती. आठ मागांचे तंतू इतके दिवस इमानानं त्या बारीक जाळीत येऊन बसले होते. गच्चीवरच्या हवेत कापूस नव्हता, आणि ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. ज्या खोलीत शिरताना तंतूंनीच मला दारात थांबवलं होतं, त्या खोलीसाठी मी चाळणी बसवली होती.

मालकांनी हात घालून मूठभर कापूस ओढला, अंगणात ठेवला आणि काडी लावली. क्षणात भुर्र झालं, राखसुद्धा नीट दिसली नाही.

"ताई," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यानं मला जास्तच वाईट वाटलं. "खाली तापलेलं लोखंड, वर ह्यो कापूस. आत माझी माणसं हाईत."

"बंद करूया," मी म्हणाले. धुराड्याचं तोंड आम्ही पत्रा ठोकून बंद केलं. 

मार्गदर्शकांनी समजूत घातली. म्हणाले, "जागा बदल. आपल्या कॉलेजच्या वर्कशॉपच्या भिंतीला लाव, तिथं कापूस नाही. प्रबंध पुरा होतोय." मी तसं केलं. आकडे छान येत होते. पण ते वहीत उतरवताना मला मजा येत नव्हती.

वैशाखात बुद्धपौर्णिमेला आत्ती गडमुडशिंगीला आली. संध्याकाळी गच्चीवर तिनं पहिली पेटी बघितली, फिरून सगळ्या बाजूंनी बघितली.

"कापूस हितं आत येऊन बसला व्हय?"

"हो."

"मग आदी गाळून घ्यायचा की. चहा पिऊन झाल्यावर गाळतीस व्हय तू?"

मी तिला समजावलं की कापड लावलं तर हवा अडते. ही हवा फार अशक्त असते, तिला ढकलायला कुणी नाही, कापडातनं ती जाणारच नाही. मी हे गणित करून बघितलं होतं.

"केवढं कापड धरलंतीस?"

मी हातानं दाखवलं. धुराड्याच्या तोंडाएवढं.

"मग मोठं धर की. मच्छरदाणीएवढं."

 कापड जितकं मोठं, तितकी त्याच्या प्रत्येक वितेतनं जाणारी हवा सावकाश, आणि जितकी सावकाश तितका अडथळा कमी. हे मला येत होतं, मी ते शिकवत होते. फक्त तोंडाएवढ्या कापडाबाहेर माझा विचार गेला नव्हता. त्याच रात्री पुन्हा गणित मांडलं. जमत होतं.

पावसाळा संपल्यावर मालकांना विचारून आम्ही खात्यात पुन्हा काम काढलं. खात्याच्या दक्षिण कोपऱ्यात छतापासून जमिनीपर्यंत जुन्या मच्छरदाण्यांचा दुहेरी पडदा लावला. त्याच्या मागं धुराड्याचं खालचं तोंड. पेटीतली बारीक जाळी काढून मोठ्या भोकांची बसवली. ऊब थोडी कमी मिळणार होती, पण कापूस अडकणार नव्हता. आणि जाळीची चौकट कपाटाच्या खणासारखी बाहेर ओढता येईल अशी केली. मालकांना काचेसमोर उभं करून सांगितलं, "काळ्या जाळीवर पांढरं काही दिसलं की त्या दिवशी धुराडं बंद. मला विचारायचं नाही."

ते बराच वेळ काचेतनं बघत होते. मग म्हणाले, "एक म्हयना. मी सोता बगणार रोज."

पडदा झाडायचं काम आत्तीनं आणि कांड्या भरणाऱ्या बाकीच्या दोघी बायकांनी घेतलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा, काठीनं हलकेच. पडद्याखाली जमलेला कापूस सुपात भरून बाहेर. महिनाभर मालक रोज काचेपुढं उभे राहिले. पांढरं दिसलं नाही. गच्चीवर जाळीनं जेवढी करामत केली होती तेवढी इथं नव्हती. ढगाळ दिवशी धुराडं ढिम्म, रातपाळीला तर त्याचा काहीच उपयोग नव्हता. पण एप्रिलमध्ये भर दुपारी मी आत गेले, तर दारात मला कुणी अडवल्यासारखं वाटलं नाही. प्रबंधात मी खात्यावर एक वेगळं प्रकरण लिहिलं. परीक्षकांनी विचारलं, "मच्छरदाणीची कल्पना कोणत्या संदर्भातून घेतली?" मी म्हणाले, "आत्तीकडून." ते हसले. मार्गदर्शक हसले नाहीत. ते म्हणाले, "आभारात तसं लिहिलंय."

चार उन्हाळे ते धुराडं चाललं. मग मालकांनी जुने माग काढले, नवी यंत्रं आली, खातं पाडून स्लॅबचं बांधलं.

दोन हजारच्या दशकात मधे कधी तरी मी दुसऱ्या शहरातल्या एका प्रयोगशाळेत गेले होते. तिथं पहिल्यांदा धातूचा फेस हातात घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा, साबणाच्या वडीएवढा, आत सगळी भोकंच भोकं, वजनाला जवळजवळ नाहीच. एक तुकडा मागून घेतला आणि घरी आणला. अण्णा तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी तो तळहातावर तोलला, उजेडात धरला, तोंडाला लावून फुंकर मारली. पलीकडं माझ्या हाताला हवा लागली.

"हे कातलेलं न्हाय," ते म्हणाले. "ओतलेलं हाय."

"हो."

"तीस वर्सं," ते हसायलाच लागले, "कास्टिंगमध्ये एक भोक निघालं तरी जॉब परत फौंड्रीला. आन् हे लोक भोकंच इकत्यात. ओतताना ऱ्हाली कशी पण?"

मी वाचलेल्या रीती सांगितल्या. त्यातली एक त्यांना पटली. साच्यात मीठ भरायचं, वरनं वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम ओतायचं, गार झालं की पाण्यात टाकून मीठ विरघळवायचं. मिठाच्या जागी भोकं राहतात.

फौंड्रीत, धातू ओतायच्या कारखान्यात, साचे करणारे त्यांचे एक जुने मित्र होते. दोघांनी मिळून ठरवलं. मिठाचे खडे भट्टीजवळ चांगले भाजून घेतले, कारण थेंबभर ओल राहिली तरी वितळलेला रस अंगावर उडेल, असं मित्रांनी दहा वेळा बजावलं. मला दूर उभं केलं. रस ओतला, वरनं दाब दिला. गार झाल्यावर गोळा मधोमध कापून बादलीत टाकला, आणि दोघंही म्हातारे बादलीभोवती पाणी बदलत बसले.

दुसऱ्या दिवशी तुकडा बाहेर काढला. अर्धा भाग जाळीदार झाला होता, अर्ध्यात रस पोचलाच नव्हता, ओबडधोबड पोकळी राहिली होती. मी जाळीदार बाजूनं फुंकर मारली. थोडी हवा गेली. अण्णांनी तो हातातनं घेतला, भोकांत काडी घालून बघितली, आणि मित्रांना विचारलं, "खडं बारीक पडून रसाला वाट न्हाय मिळाली काय रं? जाडं मीठ कुठं मिळंल?"